तिसऱ्या सिलिंडरचा धूर

खाचरांत पाणी सोडलं त्या आठवड्यात
एवाझियोनं फुल्विया ओढत आणली, ट्रॅक्टरमागे, दोरीनं.
एकोणसत्तर सालची. रंग पिकल्या चेरीचा, दाराच्या कडेला गंज.
व्हेर्चेल्लीकडच्या या सपाट मुलखात
एप्रिलमध्ये आकाश दोनदा असतं, वर आणि पायांशी.
त्या दोहोंमधून ती मुकाट्यानं आली.
दोन हिवाळे उभी राहून इंजिन जाम.

"देल्फिना, आता उघडायलाच हवं."
मी हात पुसले.
शेवटचं उघडलं होतं सेकोंदोनं,
ज्याच्या हाताखाली मी सोळाव्या वर्षी
नटबोल्ट रॉकेलमध्ये भिजवायला शिकले.
तो जाऊन नऊ वर्षं झाली. त्याचा स्टूल अजून डुगडुगतो.

चार सिलिंडर. रांगा दोन,
पण इतक्या खेटून की एकच हेड दोघींना पुरतं:
एका गोधडीत निजलेली चार भावंडं,
एकाचे पाय दुसऱ्याच्या उशाशी.
हेड उचललं. व्हॉल्व्ह अंड्यांच्या खोक्यात मांडले,
ज्याचं घर त्याला.
क्रँक काढला, म्हाताऱ्याला न्हाणीतून उठवावं तसा,
काखेत हात घालून.
बेअरिंगचा राखाडी थर झिजून खालचं तांबं उघडं पडलेलं,
चपलेच्या टाचेसारखं, एका बाजूनं जास्त.
माप घेतलं. पुन्हा घेतलं.
सेकोंदो म्हणायचा, पहिलं माप आपल्या मनातलं असतं,
दुसरं लोखंडाचं.

मग पिस्टन.
पहिला, दुसरा, चौथा: कोरडे, तपकिरी, शहाण्यासारखे.
तिसऱ्याच्या माथ्यावर काजळी, जाड आणि ओली,
करपलेल्या कढईच्या बुडासारखी.

ही गाडी जन्मभर निळा धूर सोडत आली.
एवाझियो दर वसंतात कुरकुरायचा,
सेकोंदो दर वसंतात म्हणायचा, "स्वभाव आहे तिचा,"
आणि स्वतः लिटरभर तेल ओतायचा.
बिलात ते कधी लावलं नाही.
मला वाटायचं, म्हातारा दिलदार आहे.

दुसऱ्या रिंगवर एक ठिपका असतो,
खसखशीच्या दाण्याएवढा.
तो वरच्या अंगाला हवा.
उलटी बसली तर ती तेल खरवडून खाली आणत नाही,
घोटाघोटानं वर चढवते, आगीत.

तिसऱ्या पिस्टनची दुसरी रिंग. मी पुसली. चष्मा लावला.
ठिपका खाली होता.

आणि मला ती दुपार आठवली:
डास, रेडिओवर सायकलची शर्यत,
सेकोंदो पाठमोरा, म्हणतोय, "तिसरा तू लाव."
मी लावला. डोळ्यांत तेल घालून लावला,
असंच आजवर समजत होते.
त्या रात्री आईला सांगितलं होतं, आज मी इंजिन बांधलं.

त्याची वही खणात होती, ग्रीसचे ठसे उमटलेली.
शहाऐंशीचं पान. बारीक, तिरपं अक्षर:
"तिसरा. धूर. कारण माहीत आहे."
पुढे काहीच नाही.
पुढच्या पानावर कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा क्लच.

मी बराच वेळ बाहेर उभी राहिले.
एक बगळा पाण्यातल्या डोंगरावर पाय देऊन चालत होता.

ब्लॉक होन करून आला,
सिलिंडरच्या अंगावर चटईसारखी आडवी-तिडवी वीण.
नव्या रिंगा, ठिपके वर,
तीनदा पाहिले, चौथ्यांदा बोटानं.
टॉर्क रेंचनं कट्ट केलं, एकेक बोल्ट,
ज्या क्रमानं त्यानं शिकवला त्याच क्रमानं, मधून बाहेर.

मे महिन्यात ती सुरू झाली. आधी खोकली,
मग सायलेन्सरमधून आली ती नुसती हवा, थरथरणारी, बिनरंगाची.
एवाझियो मागे जाऊन वाकला. तळहात धरून पाहिला.
"धूर कुठाय?"
"गेला."
तो हिरमुसला, खरंच.
म्हणाला, "गल्लीच्या टोकाला धूर दिसला
की बायको पास्ता पाण्यात सोडायची."

त्यानं पैसे मोजले. तेल मी लावलं नव्हतं.
वहीत त्याच पानावर, त्याच ओळीखाली
मी आजची तारीख लिहिली.
पुढे जागा होती. पेन थोडा वेळ तिथे धरला,
मग स्टूलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवायला गेले.